बकरीची पाळी संपली

दादा,

कंपाउंडर रुपरावची वाट पाहू नकोस, तो येणार नाही. कुवेतला जायला लागणाऱ्या तुझ्या लसीच्या पिवळ्या पुस्तकात सुई न टोचताच कॉलऱ्याचा शिक्का मारायचा तुमचा बेत मी काल ओसरीवर ऐकला आणि लगेच जाऊन वासनिक डॉक्टरांना सांगितला. आता ते स्वतःच संध्याकाळी येताहेत. सुई उकळायला आई स्टोव्ह पेटवून ठेवेल.

तिकडे कुवेतमध्ये हगवण लागली, तर उशाशी पेज घेऊन कोण बसणार आहे? रुपराव?

पण खरं कारण वेगळं आहे. शाळेत टोचणी झाली तेव्हा मी रडले, तर तू बाबांना म्हणालास, "सुई पाहून बकरीवानी रडते, इले कायले डॉक्टर करता?" बाबांनी माझं बायोलॉजी बंद केलं, आणि तू महिनाभर दोस्तांसमोर माझी नक्कल करत बें बें करत राहिलास.

आता बाबांकडून मी कबूल करून घेतलंय की सुई पाहून तूही रडलास, तर मला बायोलॉजी मिळेल. तुझा दंड धरायला ते आज लवकर घरी येतील. तुझ्या सगळ्या दोस्तांनाही मी बोलावलंय. प्रयागबाई तर शेजारून आपली खुर्चीच घेऊन येणार आहेत.

पळायचा विचार असेल, तर सायकलची किल्ली माझ्या दप्तरात आहे. मी शाळेतून येईपर्यंत डॉक्टर थांबतील.

लाजू नको गा दादा. पोटभर रडजो.

तुझी बकरी,
कुंदा