सातव्या रायफलीतली चिठ्ठी

३ नोव्हेंबर १९९८
पोचलो एकदाचा. सामान म्हणाल तर दोन ट्रंका, एक पलंग आणि सहा जुन्या रायफली. ट्रकवाल्याने पलंगापेक्षा रायफलींनाच जपून हात लावला, शहाणा माणूस. बाकीचे संग्राहक कमी नंबराच्या मागे धावतात, मला लागोपाठचे नंबर लागतात. ४११ ते ४१६ गोळा करायला अकरा वर्षं गेली. आमच्या सैन्यातला शिपाई रायफलीच्या दस्त्याच्या लोखंडी पट्टीमागे स्वतःचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. या सहाही चिठ्ठ्यांवर ह्याच डोंगरातल्या गावाचं नाव आहे. माझी बायको रेगुला गेल्यापासून बाझल शहरात माझं कोणी उरलं नव्हतं. म्हटलं, यांच्याच गावी राहू. आता फक्त ४१७ हवी.

५ नोव्हेंबर
मिळाली, तीही शेजारीच. फिलोमेना त्सग्राग्गेन, वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीतली. त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, मेल्कची, रायफल पोटमाळ्यावर पडून होती. चीज कापता कापता त्यांनी विचारलं, बायको गेली की लोक कुत्रा पाळतात, तुम्ही बंदुका पाळता होय? रायफल अशीच देऊन टाकली. वर म्हणाल्या, "आत चिठ्ठी नाही. मेल्कनेच काढली. ते रिकामंच राहू द्या."

७ नोव्हेंबर
साती रायफली नंबरवार उभ्या केल्या. सातवी रिकामी, हे दिवसभर खुपत राहिलं. शेवटी सुबक अक्षरात चिठ्ठी लिहून पट्टीमागे सरकवली: श्टेलिन, आल्विन. खरा संग्राहक असलं काही करत नाही. पण सहा जणांशेजारी आपलं नाव बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

८ नोव्हेंबर
दुपारी जेवत होतो. रायफलींच्या खोलीत कोणीतरी "हजर" म्हणालं. कोवळा आवाज. रेडिओ बंद होता.

९ नोव्हेंबर
आज दोघं. आधी नाव पुकारतात, ४११च्या चिठ्ठीवरचं, मग ४१२च्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

११ नोव्हेंबर
चौघं. फिलोमेनाबाईंकडे गेलो. चिठ्ठीचं सांगताच त्यांचं विणकाम थांबलं. म्हणाल्या, या रायफलींची सातही पोरं एकाच पहाऱ्यावर होती. बर्फाचा कडा कोसळला, सहा गेले, मेल्क तेवढा वाचला. त्यानंतर सातही रायफली एकत्र ठेवल्या की हजेरी सुरू व्हायची. म्हणून गावाने सहा रायफली सहा खोऱ्यांत विकून टाकल्या आणि मेल्कने आपली चिठ्ठी जाळली. नाव नाही, तर हाक नाही.
"घरी जा आणि पहिली ती चिठ्ठी जाळा," त्या म्हणाल्या. "आणि काही झालं तरी ओ देऊ नका."

१२ नोव्हेंबर
पाच. पेचकस घेऊन बसलो. एक स्क्रू काढला, दुसरा ढिला केला. मग म्हटलं, उद्या बघू. का थांबलो, कळत नाही—
कळतं.

१३ नोव्हेंबर
सहा. मग शांतता. ते कोणासाठी तरी थांबलेत—

१४ नोव्हेंबर
चिठ्ठी काढली. काडी पेटवली. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, जेवायला बोलावतात तसं. रेगुला गेल्यापासून चार वर्षांत मला कोणी नावाने हाक मारली नव्हती.
बाई दार बडवतायत. अहो, ओ देऊ नका, अहो— त्यांनाही माझं नाव ठाऊक नाही, फक्त अहो—
पुन्हा हाक आली. काडी विझली. दुसरी पेटवायला हवी. पेटवत नाही. किती आपुलकीने बोलावतायत—
एकदाच. ह—