तू ऐकलेला शब्द

९ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी आहेस आणि भाऊजींचं जैसे थे आहे, हे आईकडून कळतं. तुला फोन करायला तोंड नाही, म्हणून पत्र.

लॉकडाऊननंतर आमचं वाचा-उपचार केंद्र पुन्हा उघडलं. इतके महिने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी लोकांना बोलायला शिकवत होते. एका आजोबांना "जीभ दाखवा" म्हटलं, तर त्यांनी फोनच तोंडात घातला. आता ओठ दिसावेत म्हणून आम्हाला पारदर्शक मास्क दिलेत. दोन वाक्यांत त्यावर वाफ धरते आणि ओठ पुन्हा गायब. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

उगाच लांबण लावतेय मी. मला जूनमधलं बोलायचंय.

पक्षाघातानं भाऊजींची वाचा गेली, तेव्हा घरातच वाचा-उपचार करणारी आहे म्हणून तू निर्धास्त होतीस. नियम मीच घातला होता: 'पाणी' म्हणेपर्यंत पेला हातात द्यायचा नाही. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू पेला धरून बसली होतीस. त्यांचे ओठ हलले आणि तू ओरडलीस, "म्हणाले की गं! पाणी म्हणाले!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, तुला हवं तेच ऐकू येतंय. पेला बाजूला ठेव."

तू ठेवलास. भाऊजींनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणखी दोनदा ओठ हलवले आणि मान वळवली. त्यानंतर त्यांनी प्रयत्नच सोडला. मी नोंदवहीत लिहिलं, 'सहकार्य करत नाहीत.'

गेल्या आठवड्यात अशाच कॉलवर एका बाईंचा मुलगा वैतागला. "मॅडम, आई बोलतेय, तुम्हाला ऐकू कसं येत नाही?" शोधाशोध केली. पंखा-मिक्सरचा गोंगाट गाळायची सोय असते त्या कॉलमध्ये. श्वासाएवढा बारीक आवाजही ती गोंगाट समजून गाळते. ती बंद करायला लावली आणि बाईंचा आवाज आला.

तुझ्या फोनवरही ती चालूच असणार. भाऊजी म्हणाले होते, ताई. तहानलेल्या माणसानं मागितलं आणि मी तुला देऊ दिलं नाही.

दोष यंत्रावर ढकलून मोकळी झाले असते. पण त्यांचे ओठ मिटून उघडताना मी पाहिले होते. 'पा' तसाच होतो, हे मी रोज लोकांना शिकवते. तरी तुला खोटं पाडलं, कारण तज्ज्ञ मी होते. माफी मागायचीही लाज वाटते.

रविवारी येतेय. समोर बसून पुन्हा सुरुवात करू, भाऊजींना चालणार असेल तरच. तोवर पेला त्यांच्या हाताशी ठेव, काहीही म्हणायला न लावता. आणि त्यांना सांग, "त्या दिवशी तुम्ही बोललात, ते मला ऐकू आलं होतं."

लहानपणापासून तुझं कधीच न ऐकणारी,
तुझी धाकटी