जात्यांच्या दगडांची भिंत

मी, वय सेहेचाळीस, उत्खनन खात्यात नोकरीला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्याकडे देण्यासारखे दुसरे काही उरलेले नाही.

१. राहती खोली व सामान धाकट्या बहिणीला. ती म्हणायची, "ताई, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांची विचारपूस करतेस, माझा फोन तेवढा उचलत नाहीस." खोली देऊन हे फिटत नाही.

२. माझी थापी, कुंचले आणि गुडघ्याखालची उशी जो मागेल त्याला द्यावी. कोणी मागेल असे वाटत नाही.

३. मी खणत होते तिथे दोन हजार वर्षांपूर्वी एक गाव होते. वेढ्यात सापडलेल्या त्या गावाने तटाचे भगदाड कच्च्या विटा आणि घरोघरच्या जात्यांचे दगड रचून बुजवले. जिंकलेल्या राजाचा शिलालेख आहे. त्यात गावाचे नावही नाही. दळायला धान्य उरले नव्हते म्हणून लोकांनी जाती दिली, की दिल्यावर दळता न आल्याने उपाशी राहिले? मला ठरवता आले नाही. अहवालात मी दोन्ही शक्यता लिहिल्या. साहेबांनी एकच ठेवली.

४. भिंत माझी नाही, त्यामुळे ती कोणाला देता येत नाही. काम संपल्यावर ती मातीने झाकायची असते, नाहीतर कच्ची वीट पावसात विरघळते. मी दरवर्षी अर्ज केला. साहेब म्हणाले, "बाई, बुजवलेलं बघायला कोण येणार?" उघडे बघायलाही कोणी आले नाही. आता भिंत गुडघ्याएवढी आहे. जात्याचा एक दगड साहेबांच्या टेबलाखाली पाय ठेवायला आहे. तो परत मागू नये. बसवायला जागा राहिलेली नाही.

५. माझी बचत माती आणि मजुरीसाठी. परवानगी न मिळाल्यास तीही बहिणीची. हे कलम वाचून ती म्हणाली, "न मिळाल्यास काय? मी जाऊन बसते की त्यांच्या दारात." खुशाल बस, म्हटले. मी नऊ वर्षे बसले होते, हे तिला सांगितले नाही.

६. खड्डा बुजवताना तळाशी चालू वर्षाचे नाणे ठेवायची आमची रीत आहे. पुढे खणणाऱ्याला कळावे, की आधी कोणीतरी येऊन गेले आहे. या भिंतीसाठी काढून ठेवलेले नाणे कपाटाच्या वरच्या खणात, चिंधीत बांधलेले आहे. बहिणीने ते आठवण म्हणून जपू नये. अजून चालत असेल तर खर्चून टाकावे.

ठिकाण: माझी खोली. दिनांक: ९ मे.
सही: लिहिणारी
साक्षीदार: १. समोरचे शिंपीकाका २. रोज इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर
(दोघांनी माझ्यासमोर सही केली. भिंत दोघांनीही पाहिलेली नाही.)