बाही चालते, आबा

आबा, आज दुपारी ऑफिसच्या कामात तुमच्या मापाच्या वहीतला एक शब्द वापरला, आणि मग लॅपटॉप मिटून परभणीतल्या या भाड्याच्या खोलीत लहान पोरीसारखी रडले. काम तसं किरकोळ. प्रोग्रॅम लिहिताना त्यातल्या गोष्टींना नावं द्यावी लागतात. त्या नावातलं एकेक अक्षर प्रोग्रॅमच्या भाषेला चालतं का, हे तपासणारा तुकडा मला लिहायचा होता. देवनागरी चालते. काना-मात्रा नावाच्या सुरुवातीला नाही चालत, अक्षरामागून आल्या तर चालतात. तपासायला मी ‘बाही’ टाकलं. चाललं.

झरीतलं आपलं शिलाईचं दुकान. तुम्ही टेप लावून ओरडताय, "बाही साडेतेवीस!" आणि मी वहीत लिहून शेजारी गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचतेय. मी तेव्हा कॉलेजात होते, दुकानातल्या कॉम्प्युटरवर मापावरून कापड किती लागेल ते सांगणारा प्रोग्रॅम केला होता, आणि भलताच तोरा होता मला. मापांची नावं आपणच द्यायची, असं सांगितल्यावर तुम्ही चष्मा लावून बसलात. एका बोटानं, कितीतरी वेळ खपून, ‘बाही’ लिहिलंत. पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, हे नाव चालत नाही.

"का गं माय, आपली अक्षरं न्हाई चालत का ह्याला?"

"आबा, हे इंग्रजीचं काम हाय. तुमी तुमची कात्री बघा."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. तुम्हीही हसलात, "बरं, बरं" म्हणत मशीनवर जाऊन बसलात. सुईत दोरा ओवायला तुम्हाला फार वेळ लागला. मी बघत होते.

त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटर रोज फडक्यानं पुसलात, पण एकही बटण कधी दाबलं नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

प्रोग्रॅमच्या भाषेला तुमची बाही तेव्हाही चालत होती, आबा. अडवलं होतं ते मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या नावांच्या तपासणीनं. तिच्यात मी फक्त इंग्रजी अक्षरांना मुभा दिली होती. हे मला आज कळलं, असं लिहिणार होते. पण हे पत्र कुठंच जाणार नाही, मग खोटं कशाला? मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. एका ओळीची दुरुस्ती होती. तुमच्यासमोर चूक कबूल करावी लागली असती, म्हणून मी ती केली नाही.