तुझा नंबर चालू ठेवताना

आई,

तुझा नंबर चालू ठेवायला महिन्याला काय पडतं ते आधी सांगतो. गेवराईच्या स्टँडवर दोघांनी भजी खाऊन चहा घेतला, की जेवढं होतं तेवढंच. दिवाळी झाली की मी मस्कतला जातो, मोटार रिवाइंडिंगचं दुसरं दुकान तिथं टाकलंय, आणि उन्हाळ्यात इकडच्या विहिरींवरच्या मोटारी जळायला लागल्या की परत येतो. तिकडं असताना बँकेचे ओटीपी येण्यापुरता एक देशी नंबर जिवंत लागतो. माझा महागडा सोडून दिला आणि तुझा माझ्या नावावर करून घेतला. सगळ्यात लहान रिचार्ज मारायचं, आलेला फोन उचलायचा नाही, बस. बाकीच्यांचं रिचार्ज महिन्यात संपतं, माझं दोन महिने पुरतं. ते कुठल्या दिवशी मारायचं याची मला नस सापडलीय, असं मी तिथल्या आपल्या पोरांना ऐटीत सांगतो.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी तुझ्या नंबरवर दादांचा फोन आला. चुकून लागला असेल वाटलं. कापायलाही रोमिंगचे पैसे पडतात की काय, म्हणून हात न लावता वाजू दिला. दुपारी गेवराईहून अक्काचा व्हॉट्सॲपवर फोन. तू गेल्यापासून दादा लेकीकडंच असतात. ते पिशवी घेऊन स्टँडवर बसलेत, वडवणीला घरी जायचं म्हणतात, असं तिनं सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा ऊसतोडीला बैलगाडी घेऊन कारखान्यावर असायचे आणि तू घरी एकटी. रोज सकाळी ते एक रिंग द्यायचे, तू कापायचीस. कापला म्हणजे घरी सगळं ठीक. वाजत राहिला म्हणजे काहीतरी झालंय, निघून या. एक पैसा न घालवता एवढं बोलणं व्हायचं तुमचं. अक्काला ते स्टँडवर म्हणाले, "तिनं फोन कापला न्हाई, बघून येतो." अक्का रडायला लागली तर तिलाच म्हणाले, "येडे, ती गेली हे मला म्हाईत न्हाई व्हय? खांदा दिलाय मी." आणि तरी उठेनात.

तेव्हापासून मी कापतो. बरोबर करतो का चूक, मला उमगत नाही. अक्का म्हणते बंद कर तो नंबर, दादा खुळे होतील. पण बंद केला तर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देणार, आणि तो भला माणूस उचलून हॅलो म्हणणार. मग दादांनी काय समजायचं? शिवाय ते रिंग देतात ती फक्त उसाच्या हंगामात, आणि नेमका तेव्हाच मी बाहेर असतो. ती तुला असते का मला? मोटार नुसती ऐकून बेअरिंग गेलंय का वाइंडिंग ते मी सांगतो, इथं मात्र काही ऐकू येत नाही. यंदा आल्यावर विचारलंच, "दादा, सकाळी कुणाला फोन लावता?"

"लावतो कुठं? नुसती रिंग देतो."

"पण कुणाला?"

"तुला कावून पाहिजे? तुझा पैसा जातोय का?" म्हणाले आणि हसले. मीही हसलो, काय करणार.

काल अक्काच्या गल्लीतल्या मोबाईलच्या दुकानात गेलो, म्हटलं आलोच आहे तर तुझं रिचार्ज इथूनच मारू. पोरगा म्हणाला, मामा, ह्याच्यावर तर परवाच टाकलंय. कुणी, विचारलं, तर म्हणाला तुमच्या वडिलांनी. एक महिना सोडून एक महिना येतात, कधीच्या काळापासून. कुणाचा नंबर म्हणून त्यानं एकदा विचारलं होतं, तर दादा म्हणाले, घरचा.

घरी येऊन मी दादांना काही विचारलं नाही. तुला विचारावं म्हणून लिहायला बसलो, तर हे धाडणार कुठं. माझं रिचार्ज एकच महिना पुरतं, सगळ्यांसारखं.