बाबांचं खाकरणं

बाबा,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि सुनेचं हे पहिलंच पत्र. समोर होतात तेव्हा मी धड बोलत नव्हतेच.

जेवताना, जेवून उठताना तुम्ही सारखे खाकरायचात. मला वाटायचं, माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडताय. लग्नानंतर चौथ्या वर्षी मी ताट आपटलं. म्हटलं, "काय ते एकदा तोंडाने बोला!"

"अगं, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं," तुम्ही म्हणालात.

"मीच खुपत असेन," मी म्हटलं. महिन्याभरात तुमच्या मुलाला घेऊन मी वेगळं बिऱ्हाड केलं. निघताना पाया पडले, तेव्हा तुम्ही दुरुस्तीला आलेलं कुणाचं तरी घड्याळ उघडून त्यावर वाकला होतात.

परवा डॉक्टरांनी माझ्या घशातून नळी घालून पाहिलं. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल झालीय, म्हणाले. पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं. छातीत जळजळ होतेच असं नाही, पण घसा खवखवतो आणि माणूस सारखा खाकरत राहतो. जेवल्यावर लगेच वाकून बसू नका, म्हणाले. तुम्ही तर हातावर पाणी पडलं की घड्याळांवर वाकायचात.

आज दुपारी जेवताना मी खाकरले. माझ्या सूनबाईचा वाढता हात थांबला.

मी तिला झडपेपासून सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझं ताट उचललं. जरा जोरातच.

तुमची,
ताट आपटणारी सून