सोन्याची कुंची

२६ एप्रिल, शुक्र.
मायला जाऊन दीड महिना. रडू आलं नाही अजून. लोक म्हणतात धीराचा माणूस. धीर कसला, सगळं बधिर झालंय.
कारखाना औंदा पेटलाच नाही. आम्हा चिटबॉयांना घरी बसवलं. ऊसच नाही तर तोडीची चिठ्ठी कुणाला देणार? सकाळी छावणीत सोन्याला चारा टाकला, टँकर येईस्तोवर थांबलो. त्याचा जोडीदार पोळ्याआधीच विकला, हा एकच बैल राहिला.
आमच्या आश्वीला नववा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, पण व्याही म्हणाले, पाणी नाही तुमच्याकडं, राहू द्या नगरलाच. बरोबर हाय त्यांचं. खाली मान घालून हो म्हणलं.

२८ एप्रिल, रवि.
बाळंतपण जमलं नाही, निदान कुंची तरी आपल्या घरची जावी म्हणून बायकोनं मायची पेटी उघडली. लहानपणी मी घातलेली कुंची. भिंगं, कवड्या, रेशमाचं भरतकाम, रंग अजून गच्च. माय म्हणायची, तुझ्या मामानं तलवाड्याहून आणली.
बायकोनं उलटीपालटी करून बघितली.
"अवो, ह्याच्या आत अजून एक टोपडं शिवलंय. तुमी तर एकटेच. हे कुणाचं?"
मला काय माहीत.
"मेल्या लेकराचं असलं तर बाळाच्या अंगाला लागू द्यायची न्हाई मी. आधी सांगून ठिवते."
बरं म्हणलं. आश्वी फोनवर रोज कुंचीचंच विचारती.

१ मे, बुध.
कुंची छावणीत नेली. सोन्याशेजारी घमाबाईच्या गायी असतात. तांड्यावरची, ऊसतोडीहून औंदा लवकरच परत आली. तिनं भरतकामावरून बोट फिरवलं.
"ही आमच्या काचळीची पेटी. छातीवर असती ती. लई जुना टाका हाय."
"म्हंजी तांड्यावर शिवली?"
"आमी कावून शिवू? आमची एवढी चिंधीच. ही खणाची दुसऱ्या घरची. ही हिरवी जरीची मुसलमानाच्या घरची. पाच घरचं मागून आनलंय हे."
पाच घरचं कशापायी मागतात ते कुणालाबी ठाऊक हाय. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणजे. तरी म्हणलं, मी थोरला, अन् एकटाच.
"मंग मागितलं कावून?"
गायींना वैरण सारली अन् आलो.

३ मे, शुक्र.
बायकोनं अस्तराची कड उसवली. अस्तर सुकडीच्या पिशवीचं, दुष्काळात अमेरिकेहून यायची ती. हातात हात दिलेलं चित्र पुसट दिसतंय. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. मी त्र्याहत्तरचा.
"मंग तुमचीच की! अन् तुमी जगलात. चांगल्या पायगुणाची हाय," बायको म्हणली. लई दिवसांनी हसली.
पण आतलं टोपडं साधं, पांढरं, धुऊन धुऊन विरलेलं. दुधाचा पिवळा डाग. अस्तर त्याच्यावरून शिवलंय, म्हणजे ते आधीचं. बायकोचं हसू गेलं.

४ मे, शनि.
माय सांगायची, धोंड्याच्या महिन्यातला म्हणून तू धोंडीराम. त्यापायी शाळेत पोरं मला जावई म्हणायची.
आज गुरवाला सहज विचारलं. त्यानं बोटांवर हिशोब केला.
"त्र्याहत्तरला धोंडा नव्हता बे. बहात्तरला व्हता."
मग मी कोणता धोंडा?

६ मे, सोम.
तलवाड्याला मावशीकडं गेलतो. मायची धाकटी बहीण, मायला बाई म्हणायची. तेवढीच उरलीय. कुंची मांडीवर ठेवली.
"ठिवली व्हय अजून बाईनं."
"मामानं आणलीती ना?"
"मामा कशाचा आनतोय! आमी दोघी पाच घरं हिंडलो. तू पोटात व्हतास."
"आधी कोण होतं?"
मावशीनं उसवल्या कडेतून आतलं टोपडं चाचपलं.
"सोन्या. चालाया लागलं व्हतं. हगवण लागली त्याला. सासू म्हनली, पानी पाजू नगंस, हगवण वाढंल. पानी पानी करत गेलं रं लेकरू. बाई भरल्या घागरीपशी बसून व्हती. मंग तुला धोंडा म्हनायचं ठरलं. धोंड्याला कोन नेतंय?"
एस.टी.त जागा मिळाली. कुठं उतरायचं ते कंडक्टरनं सांगितलं.

७ मे, मंगळ.
शेवटच्या आठवड्यात माय एकच विचारायची. सोन्याला पाणी पाजलं का?
आमाला वाटलं बैल.
मी म्हणायचो, पाजलं माय, छावणीत टँकर येतो. ती म्हणायची, पोटभर? मी म्हणायचो, बादली रिकामी केली त्यानं.
मग झोपायची.

९ मे, गुरु.
आश्वीला मुलगा झाला. दोघं सुखरूप. फोनवर म्हणली, "बाबा, पाचवीच्या आत कुंची आणा बरं." मागं बाळ रडत होतं. विहीणबाईंचा आवाज आला, उगी, उगी माझ्या सोन्या.
रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

११ मे, शनि.
छावणीत गेलो. सोन्यापुढं बादली धरली. पाणी पिताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होते, ती बघत उभा राहिलो. तिथंच रडू आलं. लई रडलो. घमाबाई तोंड फिरवून गायीच्या गोचिडा काढत बसली.
घरी आलो तर बायकोनं पिशवी भरून ठेवलेली. डिंकाचे लाडू, अळीव, गावरान तूप. उद्या पहिल्या गाडीनं नगर.
"मावशी काय म्हनल्या ते सांगितलंच न्हाई तुमी. कुणाची हाय कुंची?"
"मामानंच आणली म्हणे."
"अन् आतलं टोपडं?"
"माझंच. लहान झालं म्हणून वरून मोठी शिवली."
ती खूश. दोरा ओवून दिला, म्हणली, मग घाला टाके.
सुई हातात हाय. अस्तर अजून उघडंच, आत सोन्याचं टोपडं.